सामाईक विस्तव

पावसाळा सरत आला असताना, सप्टेंबरमधल्या एका दुपारी, दिल्लीतल्या एका जुन्या गल्लीत एक हातगाडी येऊन थांबली. गाडीवर कंबरेइतके उंच लोखंडी पिंप दोरखंडाने आवळून बसविले होते आणि पिंपाच्या पोटात, ओठापर्यंत काजळलेला, मातीचा तंदूर होता. ज्या ढाब्यात त्याने वर्षानुवर्षे रोट्या भाजल्या त्या ढाब्याने गॅसवर चालणारी नवी भट्टी घेतली होती आणि हा जुना तंदूर भंगारवाल्याकडे पिंपाच्या वजनावर गेला होता. लोखंडाला भाव होता, मातीला नव्हता. माती फोडून काढायची मजुरी परवडेना म्हणून तो भंगाराच्या ढिगाजवळ तसाच उभा राहिला होता. एक निवृत्त गृहस्थ त्या रस्त्याने रोज सकाळी फिरायला जात. आठ-दहा दिवस ते त्याच्यासमोर थबकत राहिले आणि अखेर त्यांनी लोखंडाच्या भावाने तो विकत घेतला.

हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात बत्तीस वर्षे फायलींशी व्यवहार केल्यावर त्यांनी निवृत्तीनंतरही दिल्ली सोडली नव्हती. मुलगी पुण्याला असे. घरात पतिपत्नी दोघेच. तळमजल्यावरचे घर, मागे फरसबंद लहानसे अंगण आणि अंगणाचे दार उघडले की मागची गल्ली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसविलेल्या वसाहतींपैकी ही एक. लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर ही नावे आज घरांच्या किमतींसाठी घेतली जातात, पण त्या नावांच्या तळाशी तंबू आहेत, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. गृहस्थांचा त्या माणसांशी संबंध नमस्कारापुरता होता. कचेरी होती तोवर तेवढा पुरत असे. कचेरी सुटल्यावर दुपारी फार लांब झाल्या आणि नमस्कार फार आखूड वाटू लागले.

हातगाडीवरून पिंप अंगणात उतरविताना चार माणसे लागली. पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, दोन माणसांच्या चार पोळ्यांसाठी हे धूड?" गृहस्थांपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. गरम रोटी घरी खायला मिळेल, असे काहीतरी ते पुटपुटले. पत्नीचा प्रश्न मात्र अंगणात तंदुराशेजारीच राहिला आणि पुढे सहा महिने तो तिथेच होता.

तंदूर ही फार जुनी वस्तू आहे. राजस्थानातील कालीबंगा येथे १९६० ते १९६९ या काळात झालेल्या उत्खननात आजच्या तंदुराशी साम्य असलेल्या मातीच्या भट्ट्या सापडल्या. शब्दाचे मूळ त्याहून दूरवर जाते. प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेत 'तिनूरु', हिब्रू आणि अरबीत 'तन्नूर', फारसीत 'तनूर' आणि पंजाबात येईपर्यंत 'तंदूर'. कुराणातील महापुराच्या कथेत पाणी तन्नुरातून उसळू लागते. जिथे सदैव विस्तव असायचा तिथूनच पाणी यावे, यापरता जगबुडीचा मोठा संकेत त्या मुलखातल्या माणसाला दुसरा कोणता वाटणार?

पंजाबात तंदूर हा एका घराचा नसे. गावात किंवा मोहल्ल्यात एक 'सांझा' तंदूर असे आणि दिवस कलला की बायका घरून मळलेली कणीक परातीत घेऊन तिथे जमत. या रीतीमागे स्नेह होता तसा हिशेबही होता. सपाट, शेतीखाली गेलेल्या प्रदेशात सरपण महाग. तंदूर एकदा तापवायला जेवढे जळण लागते तेवढे चार रोट्यांना लागते आणि चाळीस रोट्यांनाही जवळजवळ तेवढेच लागते. म्हणून एकाच विस्तवावर अनेक घरांनी भाजून घ्यायचे. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये 'मोती महल' नावारूपाला आणले आणि तंदुरात भाजलेली कोंबडी देशभर पोहोचली. तंदूर गल्लीतून उपाहारगृहात गेला तो असा. तिथे तो सर्वांचा झाला, पण सांझा राहिला नाही. पैसे देऊन खाणे आणि आपली कणीक घेऊन रांगेत बसणे यांत अंतर आहे.

नागपूरच्या माणसाला मातीच्या भांड्यावर पोळी भाजणे नवे नसते. तिकडे लंबी रोटी उपड्या मडक्यावर भाजतात. सैल, ओघळती कणीक दोन्ही हातांवर झेलत लांबविली जाते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अंथरली जाते. ते मडके बाहेरून भाजते, हे आतून. गृहस्थांना वाटले, एवढाच काय तो फरक असेल. बाकी माती ती मातीच.

पहिले काम साफसफाईचे निघाले. आतल्या भिंतीवर काजळीचा आणि चरबीच्या धुराचा जाड थर चढला होता. तो तारेच्या घासणीने कोरडाच खरवडावा लागला. पाण्याने धुण्याचा मोह टाळणे आवश्यक असते, कारण तंदुराचे भांडे कुंभाराच्या आव्यात भाजलेले नसते. ते हाताने वळ्यावर वळी रचून उभे करतात, वाळवितात आणि तसेच विकतात. पुढे ज्याच्या घरी जाते त्याच्याच विस्तवावर ते थोडेथोडे भाजत राहते. अशा मातीत मुरलेले पाणी पहिल्याच आंचेला वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि वाट न मिळाल्यास भिंतीचे कपचे उडविते.

खरवडल्यावर भेगा दिसल्या. गळ्यापासून निघून खाली उतरलेल्या तीन, त्यांतली एक बोट शिरेल एवढी. पिंप आणि भांडे यांच्या मधल्या पोकळीत ऊब धरण्यासाठी भरलेली राख एका अंगाने खचून गेली होती. त्यामुळे तेवढ्या बाजूला भिंत उघडी पडून निवत राहिली असणार आणि तिथेच ती उलली असणार. गृहस्थांनी वरून नवी राख आणि वाळू घालून पोकळी ठासून भरली. भेगांची गोष्ट इतकी सोपी नव्हती. त्यांनी चिकणमाती आणून चाळली, मळली आणि भेगांत लिंपली. चौथ्या दिवशी प्रत्येक लिंपणाच्या दोन्ही कडांना नवी बारीक भेग उभी होती. ओली माती वाळताना आकसते, जुनी भाजलेली भिंत आकसत नाही. नवे आत ओढले जाते, जुने जागचे हलत नाही आणि दोघांचा सांधा उलतो.

यावरचा उपाय एका वृद्ध कुंभाराकडून कळला. तो शहराच्या पश्चिम टोकाला माठ आणि कुंड्या विकत बसे. त्याने विचारले, "जुने खापर घातले होते का?" भाजलेल्या मडक्याची खापरे कुटून, चाळून त्यांची भरड नव्या मातीत मिसळायची. भाजलेला कण पुन्हा आकसत नाही. तो ओल्या मातीच्या मधोमध खांबासारखा उभा राहतो आणि तिला आवर घालतो. शिवाय तंतू हवेत. बकरीचे केस उत्तम, ते नसतील तर सुतळी बोटाच्या पेराएवढी कातरून उसवून घालावी. मागच्या उन्हाळ्यात तडकलेला घरातला माठ कोपऱ्यात पडून होता. गृहस्थांनी तो खलबत्त्यात कुटला. भेगा आधी कोरून रुंद केल्या, कडा ओल्या हाताने नुसत्या दमट केल्या आणि माती, खापर, सुतळी यांचा घट्ट गोळा अंगठ्याने आतवर दाबून बसविला. वर ओले गोणपाट टाकून वाळणे मुद्दाम लांबविले. दहा दिवस सावलीत गेले. या वेळी कडा धरून राहिल्या.

मग मुरवणी. आतल्या भिंतीला काय लावावे याविषयी ज्याचे त्याचे शास्त्र निराळे. कोणी पालकाचा रस लावतो, कोणी ताक, कोणी मोहरीचे तेल आणि गूळ, कोणी मिठाचे पाणी. या घरात गूळ, ताक आणि थोडे मोहरीचे तेल एवढ्यावर एकमत झाले. विस्तव मात्र सर्वांच्या मते मंदच हवा. पहिल्या दिवशी तळाशी एकच गोवरी. तोंडावर झाकण अर्धवट. भिंतीतून घाम यावा तसा ओलावा वर येत राहिला. दुसऱ्या दिवशी ओंजळभर लोणारी कोळसा, तिसऱ्या दिवशी घमेलेभर. मातीला घाई चालत नाही, हे वाक्य गृहस्थांनी पत्नीला तीन दिवसांत सहा वेळा ऐकविले. सातव्या वेळी पत्नी म्हणाली, "ती मातीला चालत नाही. भुकेचं काय?"

ऑक्टोबरच्या एका रविवारी संध्याकाळी पहिली रोटी लागायची होती. कणीक मळून दोन तास झाले होते. कापडाने मढविलेली गोल गद्दी आणि आकडीच्या लोखंडी सळया बाजारातून आणल्या होत्या. निखारे लाल झाले. गृहस्थांनी रोटी गद्दीवर पसरली, मागच्या बाजूस पाण्याचा हात फिरविला, बाही वर सारली आणि हात तंदुरात घालून गद्दी भिंतीवर दाबली. रोटी चिकटली. मग तिचा वरचा काठ सुटला, ती स्वतःच्या वजनाने लांबत गेली आणि निखाऱ्यांत पडली. दुसरी पडली. तिसरी पडली. करपल्या कणकेचा धूर अंगणाच्या भिंतीवरून गल्लीत गेला.

त्या धुराच्या मागावर बीजी आल्या. समोरच्या घरात राहणाऱ्या, पंच्याऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या या बाईंना सारी गल्ली बीजीच म्हणत असे. त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही. तंदुराच्या तोंडावर वाकून त्यांनी आत पाहिले आणि म्हणाल्या, "अभी दीवार काली है, बेटा. गोरी होने दे."

या वाक्यात तंदुराचे अर्धे शास्त्र आहे. कोळसे पेटताना भिंतीवर प्रथम काजळी धरते. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. भिंत पुरेशी तापली की तोही जळून जातो आणि खालची माती आपल्या मूळ रंगावर, किंबहुना त्याहून फिक्या, पांढुरक्या रंगावर येते. तेव्हा भिंतीची आंच ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर पोहोचलेली असते. उष्णतामापक यंत्र नसलेल्या जगाने शोधलेले हे मोजमाप आहे. अशा भिंतीवर ओली रोटी टेकली की सच्छिद्र माती तिचा ओलावा झटकन ओढून घेते, कणकेचा तो पृष्ठभाग तिथल्या तिथे शिजून भिंतीला धरतो. वरून निखाऱ्यांची धग तिला भाजत राहते आणि दीड-दोन मिनिटांत पुरी भाजली की ती आकसून आपणहून सुटू लागते. त्या क्षणी आकडी लावायची. भिंत काळी असेल तर ओलावा रेंगाळतो, कणीक नुसती लोंबते.

अर्धा तास सर्वजण थांबले. भिंत खालून वर उजळत गेली. बीजींनी मिठाच्या पाण्याचा हबका आत मारला, फस्स असा आवाज झाला आणि पुन्हा सारे शांत झाले. गद्दी त्यांनी बाजूस ठेवायला सांगितली. गोळा दोन तळहातांवर थापत त्यांनी रोटी वाढविली, उजव्या हाताने काठीचा आधार सोडला आणि कोपरापर्यंत हात आत घालून, ती भिंतीवर लावली. हात बाहेर आला तेव्हा मनगटाच्या वरचे जुने, फिके डाग सर्वांना दिसले. रोटी पडली नाही.

भाजलेली रोटी हातात घेऊन त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. लायलपूरजवळच्या एका गावात त्यांचा जन्म. ते शहर आज फैसलाबाद म्हणून ओळखले जाते. १९४७ साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. गाव कापसाचे आणि तंदुरात पऱ्हाटी जळत असे. पऱ्हाटी हा शब्द त्यांचा नव्हे, त्या 'छिटियाँ' म्हणाल्या. वाळलेल्या कपाशीच्या काड्या, असे त्यांनी हातांनी समजावून सांगितले तेव्हा विदर्भातल्या माणसाला दुभाष्याची गरज उरली नाही. ज्या संध्याकाळी गाव सोडले त्या संध्याकाळी आईने कणीक मळून ठेवली होती. सांझ्या तंदुरावर जाण्याची वेळ झाली होती. "आटा गुँथा हुआ परात में ही रह गया," एवढेच त्या म्हणाल्या. घर, गुरे, जमीन यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मग रोटीचे त्यांनी चार तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला.

इतके झाल्यावर तंदूर दर रविवारी पेटायला हवा होता. तसे झाले नाही. दिवाळी आली आणि दिल्लीची हवा दरसालप्रमाणे दाटून खाली बसली. २०१७ पासून राजधानीच्या परिसरात लागू असलेल्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यात, हवा एका मर्यादेपलीकडे बिघडली की हॉटेले, उपाहारगृहे आणि उघड्या खाणावळींतील कोळशाचे व लाकडाचे तंदूर बंद ठेवण्याची तरतूद आहे. त्या यादीत घरगुती अंगणाचे नाव नव्हते. गृहस्थ आयुष्यभर नियमांच्या शब्दांवर बोट ठेवीत आलेले. नियमात जे लिहिलेले नाही ते करण्यास प्रतिबंध नाही, हे त्यांना पाठ होते. परंतु वरच्या मजल्यावर एक सहा वर्षांचा मुलगा होता आणि त्या दिवसांत रात्री त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजे. ती शिट्टी अंगणात ऐकू येई. नियमाचा शब्द आणि तो आवाज यांत निवड करायला फार वेळ लागला नाही. तंदुरावर झाकण पडले, झाकणावर गोणपाट आणि गोणपाटावर विटा.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बीजी काठी टेकत अधूनमधून अंगणाच्या दाराशी येत, गोणपाटाकडे पाहत आणि परत जात. लोहडीच्या सुमारास त्या पडल्या आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या. गृहस्थांना रोज वाटे की विटा काढाव्यात, एक वेळ पेटवावा, एक रोटी त्यांच्या उशाशी न्यावी. रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरची शिट्टी ऐकू येई. एका म्हातारीची उरलेली संध्याकाळ आणि एका मुलाचा श्वास यांचा तराजू कोणत्याही कचेरीत त्यांच्यापुढे आला नव्हता. विटा जागच्या हलल्या नाहीत. पत्नी मात्र रोज तव्यावरची पोळी घेऊन समोरच्या घरी जाऊ लागली. ती बीजींना रोटीसारखी लागत नसे आणि तसे त्या सांगतही. तरी खात.

मार्चमध्ये वारा फिरला, आकाश निवळले. बीजी उठून बसल्या होत्या. आता पत्नीच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. चार रोट्यांसाठी चार-पाच किलो कोळसा जाळणे हे खिशाला जड होते आणि त्या मुलाच्या छातीला अधिक जड होते. उत्तर पत्नीनेच काढले. पंधरवड्यातून एकदा, हवा स्वच्छ असेल तेव्हाच, धुराचे लाकूड न घालता कोरड्या लोणारी कोळशावर तंदूर पेटेल. त्या दिवशी ज्याला हवे त्याने आपली कणीक आणि मूठभर कोळसा घेऊन यावे. ही सूचना तिने दारोदार जाऊन दिली. बत्तीस वर्षांत ज्या दारांशी नुसता नमस्कार झाला होता, त्या दारांच्या आत ती प्रथमच गेली.

पहिल्या संध्याकाळी सहा घरे आली. कोणाची कणीक गव्हाची, कोणाची मक्याची, एका बंगाली कुटुंबाने मैदा मळून आणला होता. वरच्या मजल्यावरचा मुलगा अंगणाच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस, खुर्चीवर बसून रोट्या मोजीत होता. बीजी मोढ्यावर बसून भिंतीचा रंग सांगत होत्या. त्यांचा हात आता आत जात नव्हता, तो गृहस्थांचा जाई. "अब" असे त्या म्हणत आणि गद्दी भिंतीवर बसे. सत्तेचाळीस रोट्या झाल्या, असे मुलाने जाहीर केले. चार पडल्या, असेही त्यानेच जाहीर केले. शेवटची कणीक संपली तेव्हा निखारे अजून लाल होते. कोणीतरी घरून वांगी आणली, ती त्या राखेत पुरली. परातीत कोणाची कणीक उरली आहे का, असे बीजींनी दोनदा विचारले. नाही, असे सर्वांनी सांगितल्यावरच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ अंगणात आले तेव्हा तंदुराची भिंत हाताला उबदार लागत होती.

मातीचे भांडे कायमचे दुरुस्त होत नसते. त्यानंतरच्या पावसाळ्यात जुन्या लिंपणाशेजारी नवी भेग दिसू लागली. ढाब्यातला तंदूरही असाच दर थोड्या वर्षांनी बदलावा लागतो. पिंप राहते, आतले भांडे जाते. गृहस्थांनी माती चाळली आणि सुतळी कातरली. खापरांसाठी ते कुंभाराकडे निघणार एवढ्यात समोरून एक पिशवी आली. बीजींच्या घरचा माठ त्या उन्हाळ्यात फुटला होता आणि त्यांनी तुकडे टाकू दिले नव्हते. गृहस्थांनी ते खलबत्त्यात कुटले. पत्नीने भरड चाळून चिखलात घातली आणि दोघांनी मिळून ती भेग भरली.